धुरा, धुरा, सरक ना!

एक होती खार. तिचं नाव चिंगळी. चिंगळीचं एक पिल्लू, करंगळीएवढं. चिंचेच्या झाडावर बसायचं, दिवसभर ओरडायचं, "चिर्र चिर्र!"

एके दिवशी पिल्लाचा आवाज गेला. चिर्र नाही की बिर्र नाही. नुसतं खुक खुक, खुक खुक! झाडाभोवती काळा काळा धूर.

चिंगळी म्हणाली, "धुरा, धुरा, सरक ना!
पिल्लू माझं चिर्र म्हणेना!"
धूर म्हणाला, "मी नाही सरकत. जाळ विझला तर सरकेन."

चिंगळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"जाळा, जाळा, विझ ना!
धूर सरकेना,
पिल्लू माझं चिर्र म्हणेना!"
जाळ म्हणाला, "मी नाही विझत. कचरा मला खाऊ घालतो. तो गेला तर विझेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"कचऱ्या, कचऱ्या, हल ना!
जाळ विझेना, धूर सरकेना,
पिल्लू माझं चिर्र म्हणेना!"
कचरा म्हणाला, "मला कुठे पाय आहेत? घंटागाडी आली तर हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. घंटागाडीत नसीमकाका बसले होते, नाकाला रुमाल बांधून.
"काका, काका, गाडी काढा ना!
कचरा हलेना, जाळ विझेना, धूर सरकेना,
पिल्लू माझं चिर्र म्हणेना!"
नसीमकाका म्हणाले, "मी नाही काढत. मुकादम आण्णांनी सांगितलं तर काढेन."

तुरुतुरु... चिंगळी आता दमली होती.
"आण्णा, आण्णा, सांगा ना!
गाडी निघेना, कचरा हलेना, जाळ विझेना, धूर सरकेना,
पिल्लू माझं चिर्र म्हणेना!"
आण्णा म्हणाले, "तू एकटीच ओरडतेस. चार माणसं आली तर सांगेन."

माणसं कुठे होती? दवाखान्यात! ही मोठी रांग. आजी खोकते, बाळ खोकतं, खुक खुक, खुक खुक!
"डॉक्टर मंदाताई, माणसं घेऊन चला ना!
आण्णा सांगेनात, गाडी निघेना, कचरा हलेना, जाळ विझेना, धूर सरकेना,
पिल्लू माझं चिर्र म्हणेना!"
मंदाताई म्हणाल्या, "कशी येऊ गं? रांग संपली तर येईन."

रांग संपेना. एक जाई, दोन येत. चिंगळी रांगेच्या टोकाला बसली. तिला खूप रडू आलं. आता कुणाकडे जायचं?

मंदाताईंनी कपाट उघडलं. रिकामं!
मंदाताई म्हणाल्या, "औषध संपलं. खोकला नाही संपला. उठा सगळे!"

रांग उठली. खुक खुक करत आण्णांकडे गेली. आण्णांनाही ठसका लागला.
"सांगतो, सांगतो!"
आण्णांनी सांगितलं. काकांनी गाडी काढली. टण टण टण! कचरा गाडीत चढला. जाळ उपाशी राहिला. फुस्स! धूर सरकला.

चिंगळी झाडावर धावली.
"बाळा, चिर्र म्हण ना!"
पिल्लू गप्प.
"म्हण ना रे!"
खुक. पुन्हा गप्प.

चिंगळीने त्याला शेपटीत गुंडाळलं. बसून राहिली. बसून राहिली.

मग आलं, अगदी बारीक, "चि..."

एवढंच.

चिंगळीने त्याचं डोकं चाटलं. म्हणाली, "पुरे हं, राजा. आज एवढंच पुरे."

पिल्लू निजलं, गोष्ट निजली.