अध्यक्षांची पट्टी

शाळेच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात मुलांबरोबर नामवंत गायिका शैलजा केळुसकर गाणार होत्या. पण फ्लेक्सवर दाराएवढे झळकले ते संस्थेचे अध्यक्ष दौलतराव, आणि गायिका कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या! अशाने गाव फिरकणार कसं? पण अध्यक्षांना सांगणार कोण?

संगीताच्या मुणगेकर बाई पेटी घेऊन थेट त्यांच्या घरी गेल्या.

"साहेब, तुमची गायची पट्टी कुठली?"

"माझी? ती कशाला?"

"फ्लेक्सवर ज्याचा फोटो मोठा तोच गाणार, असं गाव धरून चाललंय. तुमचे व्याही तर पहिल्या रांगेत बसणार आहेत म्हणे. चला, सा लावा!"

दौलतरावांनी घाईघाईने फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला. गायिका दाराएवढ्या, आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे दौलतराव, तोंड घट्ट मिटून!