सभा गाजवणारा कॅमेरा

यंत्रं एकमेकांशी गप्पा मारायची, त्या काळची ही गोष्ट. सभागृहात वक्त्यांचे कागद पडद्यावर मोठे करून दाखवणारा एक कॅमेरा भंगारात निघाला. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शेवंताताईंनी त्याला घरी आणलं, एक भिंग चढवलं, छोट्या पडद्याला जोडलं आणि टेबलावर मान खाली घालून बसवलं.

“सभा गाजवल्यात मी! आता मुंगीएवढे भाग बघू?” कॅमेरा फुगला.

“बघ तर खरं,” टेबलावरचा चिमटा म्हणाला.

समोर शेजारच्या आजोबांचं कानाचं यंत्र उघडं पडलं होतं. दोष काही सापडत नव्हता. कॅमेऱ्याने नाइलाजाने डोळा रोखला आणि केसाएवढी भेग पडद्यावर नदीएवढी दिसली. ताईंनी लगेच कथिलाचा डाग देऊन ती भेग सांधली, यंत्र बाजूला बसलेल्या आजोबांच्या कानात घातलं आणि ओरडून विचारलं, “येतं का ऐकू?”

“येतं की! ओरडतेस कशाला?”

चिमट्याने हळूच विचारलं, “सभांची आठवण येते का रे?”

“येते ना,” कॅमेरा म्हणाला, “सगळे पेंगत असायचे.”