उघडू नको, बांधून दे

"दाबलं की कीर्तन तिथल्या तिथं उघडतं, यात वाईट काय झालं, बुवा?"

श्रीरंग जरा चढ्या आवाजातच विचारत होता. मठातल्या कीर्तनांची वेबसाइट त्यानं एकहाती उभी केली होती, आणि खोटं कशाला बोलू, देखणी केली होती. पोरगा हुशार. पण हुशारी नाकावर बसलेली.

बुवा शिरा परतत होते. मी मठाचा स्वयंपाकी, पण गुरुवारच्या प्रसादाला ते मला हात लावू द्यायचे नाहीत.

"वाईट काही नाही," बुवा म्हणाले. "हौसाबाई काय म्हणते ते ऐक."

हौसाबाई धनगरवाड्यावरून डोंगर उतरून आली होती. मोबाईल पदराच्या गाठीत.

"हितं मठापाशी रेंज हाय तवर कीर्तन वाजतंय बघा. वर घराला गेलं की गप. सासूबाईंनी अंथरूण धरलंय. बुवांचं कीर्तन एकदा कानावर पडू दे, एवढंच म्हणत्यात. औंदाचा पावसाळा निघंल असं वाटत न्हाई त्यांचा."



"फाईल फोनात उतरवून देता येईल," श्रीरंग म्हणाला. "पण एकदा ती हातात पडली की आपल्याकडं फिरकणार कोण? आज लोक ऐकायला परत परत येतात. राबून माणसं जोडलीत मी, बुवा."

बुवांनी कढई उतरवली, नैवेद्य दाखवला.

आमच्याकडची रीत अशी, की तळहातावर मिळालेला प्रसाद तिथंच खायचा. घरी कुणी येऊ न शकणारं असेल, तर त्याच्या वाटणीचा पळसाच्या पानात बांधून मिळतो. श्रीरंगच्या आईचे गुडघे गेलेत. तिची पुडी कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी बुवांनी त्याच्या तळहातावर शिरा ठेवला आणि पुढं सरकले.

"आईची पुडी?"

"इथंच खा. गरम आहे."

"अहो, पण आई..."

"तिला म्हणावं, मठात ये. इथं हवा तेवढा आहे."

"तिला उंबरा ओलांडवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे की, बुवा."

बुवांनी हौसाबाईच्या पदरातल्या मोबाईलकडं नजर टाकली.

श्रीरंगचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. शिरा तोंडात टाकून, हात पुसून तो ओसरीवर बसला आणि लॅपटॉप उघडला.

"लई काम आहे का रे?" मी विचारलं.

"एक ओळ," तो पुटपुटला. "ब्राउझरला सांगायचं, उघडू नको, बांधून दे."

हौसाबाईनं दाबलं. फाईल फोनात उतरली. श्रीरंगनं स्वतःच तिच्या फोनचं नेट बंद केलं, तरी कीर्तन वाजत राहिलं.

तिनं फोन कपाळाला लावला. "आता म्हातारीच्या उशाशी ठेवते." सासूची पुडी घेऊन ती डोंगर चढू लागली.

श्रीरंग तिच्याकडं बघत होता. तोंडावर समाधान होतं, पण मनातला किडा काही गेला नव्हता.

"ती आता परत येईल का, बुवा?"

बुवांनी झाकणाखालून एक पुडी काढली. केव्हाचीच बांधून ठेवलेली. ती त्याच्या हातात दिली.

"तू दर गुरुवारी घरी नेतोस," ते म्हणाले. "यायचा थांबलास का?"