मातीच्या डोंगरावरचा मोर

“माझा मोर कुठं गेला, बाबा?”

लहरीनाथबाबा डोंगराला पाठ टेकून ऊन खात बसले होते. आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

“कोण… श्रीरंग?”

“हो, बाबा.”

“आलास. बस.”

श्रीरंग बसला नाही.

मारवाडच्या वाळवंटात तो डोंगर एकटाच उभा होता. माणसाच्या हातांनी रचलेला, माती, शेण, उंटाचे केस आणि चुन्याचा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यावर देव, घोडे, सूर्य, चंद्र, वेली. बाबांच्या गुरूंनी, धुंडीनाथांनी, तो रचायला घेतला होता. त्यांच्यामागं बाबा लिंपत आले. दरसाल दिवाळीआधी आसपासच्या ढाण्यांवरची, म्हणजे वाड्यावस्त्यांवरची माणसं येत, मातीचा नवा हात देत, मनात येईल ते रंगवून जात.

श्रीरंग मूळचा राजापूरचा. ऐन विशीत घर सोडून इथं आला. एक हिवाळा बाबांपाशी राहिला आणि उत्तरेच्या अंगाला मोठा मोर काढून गेला. पुढं तो नामांकित चित्रकार झाला. त्याची चित्रं परदेशात गेली. पण चुलीवरची बाजरीची भाकरी, उंटांच्या गळ्यातल्या घंटा, ओल्या मातीत कोपरापर्यंत बुडालेले हात… तसं सुख पुन्हा कुठं भेटलं नाही. म्हणून तो मोर बघायला आला होता.

आणि मोराच्या जागी एक पिवळं झाड होतं. वेडंवाकडं.

“हे कुणी काढलं?”

“जैतूनं. पाण्याची उंटगाडी घेऊन येते ती. लेक दुखण्यातून उठली, तेव्हा काढलं.”

“आणि माझा मोर?”

“आत आहे.”

“आत?”

“वर माती चढते. इथं कुणी पुसत नाही काही.”

“मला बघायचाय तो.”

“झाड जाईल.”

“मी तिला दुसरं काढून देईन. याहून चांगलं.”

बाबांनी चाचपडत फुटक्या माठाची एक खापरी उचलली आणि श्रीरंगपुढं धरली.

“घे. जैतूला काय सांगायचं ते तूच सांग.”

श्रीरंग क्षणभर थबकला. मग खरवडू लागला.

पिवळा रंग गेला. त्याखाली चुना. चुन्याखाली कुणाचा तरी लाल घोडा. त्याखाली माती, पुन्हा चुना… आणि मग निळा.

मोराची मान!

“बाबा, सापडला!” तो आणखी जवळ वाकला. “रंग अजून तसाच आहे, बाबा!”

आणखी दिसावा म्हणून त्यानं खापरी कडेनं आत सारली. पोपडा अख्खाच सुटला. त्यानं तो दोन्ही हातांनी झेलला, पण झेलताझेलताच त्याचा भुगा झाला. निळी माती बोटांतून खाली गळाली.

तो भिंतीकडे बघत राहिला.

“इथं… कुणाचा तरी पंजा उमटलाय.”

बाबा उठले. काठी न घेता आले. त्यांचा हात न चाचपडता नेमका तिथं गेला. पंजाच्या खळग्यात त्यांनी आपला पंजा ठेवला, वाकड्या करंगळीवरून बोट फिरवलं, आणि मग भिंतीला कपाळ टेकवलं.

“गुरुजी…”

श्रीरंग जवळ सरकला.

“शेवटच्या आजारात मला हात धरून इथवर आणायला लावलं होतं त्यांनी,” बाबा हळूच म्हणाले. “लिंपण ओलं होतं. हात दाबला आणि म्हणाले, झालं आता. दुसरी खूण ठेवली नाही त्यांनी. तसबीरसुद्धा नाही.”

“म्हणजे मी यावरच…”

“हो.”

“तुम्ही तर शेजारी उभे होतात! माती तुम्हीच कालवून दिलीत मला!”

“हो.”

“मग अडवलं का नाहीत?”

बाबांचा पंजा त्या खळग्यातच होता.

मग बाबांच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“मोर काढताना काय रंगून गात होतास रे तू त्या दिवशी…!”