भिवराईची हळद

हातात तांदळाचे दाणे धरा, बायांनो, आणि मनात भिवराई आणा. फार वर्षांपूर्वी घणेगावात घरोघर तांब्याचे हंडे घडत. तिथे भिवरा नवी सून म्हणून आली, आणि त्याच वर्षी तिचे सासरे वारले. त्यांना तिरडीवर ठेवलं, तर पाठ टेकेचना! जन्मभर वाकून ठोकलेला देह मेल्यावरही कमानीसारखाच राहिला. शेवटी कुशीवर निजवून दोरीने आवळला. भिवराच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याहून मोठा धक्का बसला तो शेजारी कौतुकाने बोलले त्याचा, "जातिवंत कारागीर! आमच्यात कुणीच सरळ पाठीनं जात नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. म्हाळोजी अजून तरणा होता, पण खांदे पुढे झुकायला लागले होते. तिने देवीपुढे पदर पसरला. "माझा माणूस सरळ निजेपर्यंत मी मीठ खाणार नाही."

मग तिने घरोघरच्या बायकांना हळद वाटली. "कारभाऱ्याला दुखतं तिथं बोट लावा, बाकी देवी बघेल."

"सूनबाई, हळद नवरदेवाला लावतात!" गावातले सर्वांत म्हातारे कारागीर सिदोबा ओरडले.

"मग मामाजी, नवरदेवासारखं ताठ उभं राहा बघू."

सिदोबा उठायला गेले ते अर्ध्यातच अडकले.

सांजआरतीला पुरुष उघड्या अंगाने देवीपुढे वाकले, आणि मागे उभ्या बायका तबकं घेऊन पुढे सरकल्या. जितक्या पाठी तितके पिवळे ठसे, आणि सगळे कमरेच्या वर, एकाच जागी!

"अगं बाई, ही करणी कुणाची?" त्यांतली एक ओरडली.

"ऐरणीची," भिवरा म्हणाली. "ती जमिनीलगत, माणूस तिच्यावर ओणवा. गुडघ्यात डोकं घालून दिवस काढायचा, दुसरं काय होणार?"

"पूर्वजांनी रोवलेली ऐरण हलवली तर वंश बुडेल!" सिदोबा कडाडले.

"ऐरण नको हलायला. माणूसच खाली उतरवू."

तिने पहार उचलली आणि ऐरणीपुढे खड्डा खणायला घेतला. खाली काळा खडक होता, पण तो लोण्यासारखा कापला गेला असं म्हणतात. म्हाळोजी खड्ड्यात उभा राहिला, मागे खड्ड्याच्या कडेला टेकला, आणि ऐरण थेट त्याच्या कोपराशी आली. हातोडा पडत राहिला, पाठ वाकली नाही. सिदोबांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, माझ्याकडे कधी येतेस?"

पुढे एका दुपारी म्हाळोजी जेवून ओसरीवर आडवा झाला आणि उताणा, सरळ झोपला. भिवराईने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. ते तिला साखरेसारखं लागलं असं म्हणतात.

आजही घणेगावात नवा कारागीर आला की आधी खड्डा त्याच्या उंचीच्या मापाने खणतात, मग भट्टी पेटते. वर्षातून एकदा पाठींना हळद लागते. दोघांचा ठसा एका जागी दिसला, तर कामाची मांडणी बदलेपर्यंत हातोडा उचलत नाहीत. त्या दिवशी नैवेद्य अळणी शिजतो. गावातला सर्वांत म्हातारा कारागीर देवळाच्या फरशीवर आडवा होतो. सगळे भोवती उभे राहतात. त्याची पाठ फरशीला टेकली, की बायका पानांत मीठ वाढतात.