वैद्यबुवांची पाटी

माळरानावर माणसाची वाट पोचली नव्हती, त्या काळी गुणाजी नावाचं मुंगूस सर्पविषावर औषध देत असे. त्याचं बीळ आडबाजूला होतं, म्हणून वाटेवरच्या पळसावर पाटी कोरायला त्याने सुतारपक्ष्याला बोलावलं.

पक्ष्याने विचारलं, "पाटी वाचणार कोण? आणि कुठल्या अवस्थेत?"

"ते मी बघतो, तू कोर," गुणाजी म्हणाला. "वर आजोबांचं नाव घाल. मग माझ्या सात लढाया. कडेने वेलबुट्टी काढ."

"एवढ्या गर्दीत बिळाची दिशा कुठे दाखवू?"

"दाखव कोपऱ्यात. पाटी माझी आहे!"

पक्ष्याने सांगितलं तसं कोरलं. गुणाजी दिवसभर पाटीसमोर मिरवत राहिला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक सशीण धावत आली. तिच्या तोंडात साप चावलेलं पिल्लू निपचित लोंबत होतं. पळसाखाली ती क्षणभर थांबली, तिची नजर वेलबुट्टीवरून भिरभिरली आणि ती उलटी, नदीकडे पळाली.

बिळातून पाहणाऱ्या गुणाजीने तिला हाक मारली. त्याची हाक तिच्यापर्यंत पोचली नाही. औषधाची मुळी तोंडात धरून तो काट्याकुट्यांतून तिच्यामागे सुटला. नदीकाठी तिला गाठून त्याने मुळीचा रस पिल्लाच्या तोंडात पिळला. पिल्लाचं अंग गार पडत चाललं होतं. बऱ्याच वेळाने त्याचा एक कान हलला.

सशीण रडत म्हणाली, "वैद्यबुवा, इतके जवळ राहता, मग वाटेवर एखादी पाटी तरी लावायची!"

गुणाजीने मान खाली घातली.

"लावणार आहे," तो म्हणाला.