आसरांच्या डोहावरचं सांगणं

विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा पाहू... जो म्हणतो ‘देव माझ्याशी बोलतो’ त्याच्यावर, की विचारलं तर कान खाजवत ‘मला बाबा काही ऐकू आलं नाही’ म्हणतो त्याच्यावर?

मी व्यापारी माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. आमच्या पेठेत एकदा मौनव्रत घेतलेले एक महाराज आले होते. आपलं मौन किती कडक आहे हे ते पाटीवर लिहून दाखवत. दुपारपर्यंत खडूची डबी संपली, म्हणून माझ्याच दुकानात माणूस पाठवला.

डोंगरातल्या चिमाबा भवारींना मात्र देवाचं काही ऐकू यायचं नाही. हिरडा घ्यायला मी त्यांच्या गावी जायचो. एकदा पोतं पुढं सारत म्हणाले, “शेठ, तळाचा माल ओला हाये. हात घालून बघा.” त्यानंतर त्यांच्या पोत्यात मी हात घातला नाही.

गावाखाली नदीला एक डोह आहे. पाण्यातल्या सात देवींचा, साती आसरांचा. डोहातले मासे आसरांची लेकरं, म्हणून तिथं कोणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. लोखंडाचं पातंही पाण्याजवळ नेत नाहीत. कोयता वरच्या आंब्याखाली ठेवून मग खाली उतरायचं. चिमाबा त्या डोहाचे राखणदार.

वर्षातून एकदा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी, पाणी तळाला गेलेलं असताना राखणदार डोहातल्या सपाट दगडावर उभा राहतो आणि आसरांना वर्षाचं सांगणं सांगतो. मोठ्यानं. सगळ्या गावासमोर. सूर्य डोंगराआड जायच्या आत.

त्याचा एक नियम आहे. आसरांना काय दिलं ते सांगायचं नाही. त्यांचं काय गेलं तेवढंच सांगायचं.

त्या वर्षी सांगणं सोमा लोहकरे सांगणार होता.

सोमा चिमाबांचा चेला. तरणाताठा, आवाज घंटेसारखा. डोहाचं नाव त्यानंच शहरापर्यंत नेलं. गाड्या येऊ लागल्या. काठाला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या. पायऱ्यांवर उंबराची फळं पडून घाण होते म्हणून पाण्यावर झुकलेल्या फांद्या उतरवल्या. आणि आल्यागेल्याच्या हातात सोमा हळद लावलेला कणकेचा गोळा द्यायचा. लेकरांना घास भरवा, आसरा पावतील. लोक भरवायचे. डोळ्यांत पाणी आणून भरवायचे.

चिमाबांनी त्या दिवशी त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली की राखण त्याची होणार होती. कायमची. त्यासाठी सोमानं नवा फेटा बांधला होता.

मी पायऱ्यांवर, गावकऱ्यांमागे उभा होतो.

“झालं का पाठ?” चिमाबांनी विचारलं.

“पाठ कशाला, बाबा? मनातून येतं आपोआप.”

“मग म्हण की. आधी मला ऐकव.”

सोमानं हात जोडले, डोळे मिटले. “आई आसरांनो, यंदा तुमच्या दर्शनाला दुरून दुरून भाविक आले. पायऱ्या बांधल्या. दिवे लावले. तुमच्या लेकरांना रोज घास...”

“हे तर तू त्यास्नी दिलेलं झालं.”

“हो, पण...”

“त्यांचं काय गेलं?”

सोमानं डोळे उघडले. “काही नाही गेलं, बाबा. तुमच्या आशीर्वादानं.”

“मेलं कुणी?”

“नाही.”

“एकबी न्हाई?”

“एकही नाही.”

चिमाबांनी मान हलवली. धोतर गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यात उतरले. पाण्यावर साय धरल्यासारखा पांढरा थर होता. त्यांच्या पायानं तो फाटला, आणि वास आला. पुढच्या बायांनी पदर नाकाला लावले, मग देवाच्या दारात असं करू नये म्हणून घाईनं खाली केले.

तेवढ्यात मासे वर आले.

हाताएवढे, मोठाल्या खवल्यांचे. तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडत, मिटत...

“बघा! बघा!” सोमाचा आवाज कड्यावर आपटून परत आला. “दर्शन द्यायला आले! सांगण्याचा दिवस कळतो त्यांना!”

सगळ्यांनी हात जोडले. खरं सांगतो, माझेही जोडले गेले.

चिमाबा वाकून बघत होते.

“सोमा, दर्शन द्यायला तोंड एवढं उघडावं लागतं व्हय रं?”

कोणीतरी मागं खुदकन हसलं. सोमाचे कान लाल झाले.

“बाबा, आज तरी थट्टा नको. उन्हं उतरायला लागलीत.”

“थट्टा न्हाई. इचारतोय. मला दमा झाला तवा मीबी असंच तोंड करायचो. तू माझ्या पाया पडला न्हाईस. वैद्याकडं पळालास.”

सोमा फेटा सारखा करू लागला.

त्या माशांतला एक कुशीवर वळला. पांढरं पोट वर आलं. पुन्हा सरळ व्हायची धडपड केली त्यानं... मग चिमाबांच्या नडगीला लागून तसाच राहिला.

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी त्याला उचललं. आंघोळ घातलेलं मूल उचलतात तसं. काठाला आणून पायरीवर ठेवलं.

“उन्हाळा आहे, बाबा,” सोमा म्हणाला. “पाणी तापतं. एखादा जातो.”

“आताच तर म्हनलास, एकबी न्हाई.”

“आजपर्यंत नव्हता गेला.”

चिमाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

“शेठ, पोती कापायची सुरी हाये ना तुमच्या बंडीत?”

असायला नको होती. कोयते सगळ्यांनी आंब्याखाली ठेवले होते, सुरी मात्र माझ्या बंडीच्या खिशात तशीच राहिली होती. रोजची सवय.

“द्या इकडं.”

“चिमाबा, इथं... पाण्याजवळ?”

“तुम्ही तर आनलीच हाये. आता द्या.”

मी दिली. त्या वेळी माझं तोंड कुणी बघितलं नसेल तर बरं.

चिमाबांनी सुरी कपाळाला लावली आणि आसरांच्या माशाचं पोट फाडलं.

एक म्हातारी ओरडलीच. बाप्ये मागं सरले. चिमाबांच्या सगळ्या हयातीत त्या डोहातल्या माशाला कुणी बोटानं दुखवलं, तर त्या माणसाला ते पाणी भरू देत नसत. आणि आज त्यांच्याच हाताला...

“बाबा!” सोमा पायऱ्या उतरून धावला. “काय केलंत हे! लोखंड लावलंत! लेकराला लोखंड लावलंत तुम्ही!”

“लावलं.”

“पाप झालं!”

“झालं. हिकडं ये. बघ.”

“मी नाही बघणार.”

“भरवताना बघत व्हतास की. ये.”

सोमा आला. वाकला.

मादी होती. पावसाच्या तोंडाशी त्यांची पोटं अंड्यांनी भरतात, हे नदीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. अंडी होती... सुकलेल्या मोहरीसारखी, एका बाजूला दाबली गेलेली. बाकी सगळी आतडी टम्म फुगलेली. चिमाबांनी सुरीचं टोक लावलं तसं आतलं बाहेर आलं.

पिवळं. आंबलेलं. हळदीच्या कणकेचं.

पुण्याहून आलेल्या एका बाईच्या मुठीत अजून गोळा होता. तिला तो टाकताही येईना आणि धरवतही नव्हता. शेवटी तिनं तो पर्समध्ये ठेवला.

“वळखतोस?” चिमाबांनी विचारलं.

सोमानं मान डोलावली.

“बोलून सांग.”

“माझी कणीक आहे.”

“मोठ्यानं.”

“माझी कणीक आहे!” त्याचा तो घंटेसारखा आवाज मध्येच तडकला. “पण भक्तीनं दिली होती, बाबा! आसरांची शपथ. उपाशी दिसायचे ते. मला वाटायचं, देवाच्या दारात कोणी उपाशी...”

“भक्ती व्हती. मला ठावं हाये.”

“मग?”

“त्यास्नी भूक लागली तर खायाला काय व्हतं हितं, तू यायच्या आदी?”

सोमानं वर पाहिलं. उंबराचं खोड होतं. पाण्याच्या बाजूनं सगळं तासलेलं. तोडलेल्या जागी चीक वाळून काळा पडलेला.

त्याची मान खाली गेली. फेट्याचा शेमला पुढं येऊन माशाच्या रक्ताला लागला, त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग तो बोलला. आता बोलणं शहरी राहिलं नव्हतं.

“बा... म्या खोटं बोललो.”

“हं.”

“महिना झाला मरत्यात. रोज फाटंचं यायचो. माणसं यायच्या आदी गोळा करायचो. तिकडं, करवंदीच्या जाळीमागं... पुरलं.”

“किती?”

“मोजलं न्हाई.”

“का?”

सोमानं करवंदीच्या जाळीकडं पाहिलं.

“मोजलं असतं तर आज सांगाया लागलं असतं.”

पाण्यात पुन्हा मासे वर आले होते. तोंडं उघडत, मिटत. आता कोणी हात जोडले नाहीत. आम्ही सगळे दुसरीकडं बघू लागलो. कोणी डोंगराकडं, कोणी आपल्या पायांकडं. मी माझ्या रिकाम्या खिशावर हात ठेवून उभा.

चिमाबा पायरीवर बसले. एकाएकी फार म्हातारे दिसले.

“मला वास येत व्हता, सोमा.”

“काय?”

“फाल्गुनापासनं. पान्याचा वास. रोज यायचा.”

“मग बोलला का न्हाई, बा?”

“तू आल्यापासनं माजं दार भरलेलं असायचं. गाड्यांतनं उतरून माणसं पाया पडायची. लुगडं नेसलेल्या बाया, इजार घातलेलं सायेब. कोण म्हनायचं महाराज, कोण म्हनायचं बाबाजी...” ते थांबले. रक्ताचा हात धोतराला पुसला. “ग्वाड वाटायचं रं. माजंबी प्वाट तुज्याच कणकेनं फुगलं व्हतं.”

सोमा त्यांच्या पायाशी बसला. मग त्यानं फेटा सोडला, घडी केली, पायरीवर ठेवला आणि उठला.

“जातो मी.”

“कुटं?”

“कुटंबी. हितं तोंड दाखवायाची सोय न्हाई.”

“ऊन बघ किती ऱ्हायलंय.”

ऊन कड्याच्या टोकाला लटकलं होतं. डोहाचा निम्मा भाग सावलीत गेला होता, सपाट दगड तेवढा उजेडात होता.

“सांगणं कोण सांगनार?” चिमाबांनी विचारलं.

“तुमी सांगा.”

“माज्या हाताला लोखंड लागलंय. राखणदाराच्या हाताला डोहावर लोखंड लागलं की त्याची राखण संपली. तुला ठावं न्हाई व्हय?”

सोमा दचकला. आम्ही सगळेच. सुरी मागताना म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

“मग दुसरा कुनी...”

“दुसऱ्याला जाळीमागचं काय म्हाईत?”

“बा, मी? कोंच्या तोंडानं?”

“दुसरं आनलंयस का?”

कोणी हसलं नाही. मागच्या हसणाऱ्यानंही नाही.

चिमाबा उठले. खांद्यावरची घोंगडी काढली. ती मानाची घोंगडी त्यांनी सोमाच्या खांद्यावर टाकली नाही. पायरीवरच्या फाडलेल्या माशावर पसरली, नीट, शेपटीपर्यंत. मग माशासकट गुंडाळली आणि ते ओलं, जड गाठोडं सोमाच्या हातात दिलं.

सोमा पाण्यात उतरला. पांढरा थर त्याच्या मांडीला चिकटत होता. दगडावर चढला. आमच्याकडं तोंड करून उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं...

“बा, सुरू कुटनं करू?”

“माज्यापासनं. आदी माजं लोखंड सांग. मग माजं गप ऱ्हानं. मग तुजी कणीक, मग उंबर, मग जाळीमागचं.”

“जाळीमागचं मोजलं न्हाई, बा.”

चिमाबा पाण्याच्या कडेला आले. आवाज अगदी खाली आला.

“हिसोब खरा दे, लेकरा. आठवत न्हाईत ते मासं आदी त्यात धर.”